मयताच्या घरातलं हसू

बायको कॅन्सरने गेली आहे. नवरा सकाळी उठतो, लॅपटॉपवर तिचे जुने व्हिडिओ लावतो, रडतो, कुत्र्याला फिरवायला नेतो आणि वाटेत भेटेल त्याच्यावर डाफरतो. एवढ्या भांडवलावर रिकी जर्व्हेस या इंग्लिश विनोदवीराने 'आफ्टर लाइफ' ही मालिका उभी केली. लिहिली त्यानेच, दिग्दर्शन त्याचंच आणि नवराही तोच. ८ मार्च २०१९ ला ती नेटफ्लिक्सवर आली आणि तेव्हापासून बघणाऱ्यांचे सरळ दोन तट पडले. मालिका आता जुनी झाली. पण आमच्या बेळगावात अजूनही ती कुणाला तरी नव्याने सापडत असते, आणि सापडली की वादही नव्याने सुरू होतो.

टिळकवाडीतल्या माझ्या एका मित्राने पहिला सीझन एका रात्रीत संपवला. त्याच्या बायकोने दुसऱ्याच भागाला रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "मयताच्या घरात बसून फिदीफिदी हसायचं म्हणजे काय ते, ओ?" हा तिचा सवाल. दोघंही जाणते, वाचणारे, नाटकं बघणारे. शहापुरातल्या एका काकूंच्या घरात मात्र त्याच वर्षी माणूस गेलं होतं. मुलीने भीत भीत त्यांना मालिका दाखवली, तर त्या शेवटपर्यंत बसल्या आणि दोन-तीनदा मोठ्याने हसल्या. म्हणजे ज्यांच्या घरात असं काही घडलेलं नाही त्यांना मालिका टोचली, आणि जिथे जखम ओली होती तिथे ती चालून गेली. वरवर पाहता हे उलटं आहे. पण यामागे काय घडतं हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी गोष्ट, ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी.

नायकाचं नाव टोनी. टँबरी नावाच्या काल्पनिक गावात फुकट वाटल्या जाणाऱ्या 'टँबरी गॅझेट' या पेपरात तो काम करतो. बातम्या कसल्या, तर वाढदिवसाला पाच जणांकडून एकच शुभेच्छापत्र आलेला म्हातारा, भिंतीवरच्या ओलीच्या डागात एका नटाचा चेहरा दिसतो असं सांगणारा घरमालक, हिटलरसारखं दिसणारं तान्हं बाळ. (तालुक्याच्या ठिकाणी ज्यांनी वार्ताहरकी केली आहे, त्यांना यात काडीचीही अतिशयोक्ती वाटणार नाही.) बायको लिसा जाण्याआधी त्याच्यासाठी व्हिडिओ करून ठेवून गेली आहे: स्वतःची आबाळ करू नकोस, कुत्र्याला सांभाळ. टोनीला जगायचं नाही. कुत्र्याला भूक लागली म्हणून मरायचं राहून गेलं, एवढंच. मग तो ठरवतो, आता आपल्याला गमावण्यासारखं काहीच उरलं नाही, तर मनात येईल ते बोलायचं, वाटेल ते करायचं, आणि फारच झालं तर मरण आहेच. याला तो आपल्या अंगची अद्भुत शक्ती समजतो. पेपरचा प्रमुख लिसाचाच भाऊ, म्हणजे टोनीचा मेव्हणा. तो सगळं गिळून घेतो. वडील वृद्धाश्रमात आहेत, त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. ते टोनीला पुन्हा पुन्हा विचारतात, लिसा कशी आहे?

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं, कारण अख्ख्या मालिकेची जात त्यात दिसते. बायको गेल्याचं वडिलांना सांगायचं. ते हादरतात. पुढच्या भेटीला विसरलेले असतात, पुन्हा विचारतात. प्रसंग क्रूर आहे, आणि त्याच त्या प्रश्नाच्या येण्यात एक विनोदी ठेकाही आहे. बघणारा कुठल्या क्षणी हसला आणि कुठल्या क्षणी ओशाळला, हे ज्याचं त्याला ठाऊक.

ब्रिटनमध्ये समीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. भावनांचा फार पाझर आहे, शिव्यांची पुनरुक्ती आहे, लिसा अगदीच निर्दोष देवी केली आहे आणि बाकीच्या बायका टोनीचं ऐकून घेण्यापुरत्या उरल्या आहेत, असे आक्षेप होते. त्यातला शेवटचा तर मला पूर्ण पटतो. प्रेक्षकांनी मात्र मालिका डोक्यावर घेतली. दुसरा सीझन २४ एप्रिल २०२० ला आला, तिसरा १४ जानेवारी २०२२ ला. 'द ऑफिस' असो की 'एक्स्ट्राज', स्वतः लिहिलेल्या कथामालिकांत जर्व्हेस दोन सीझनच्या पुढे कधी गेला नव्हता. तिसऱ्यापर्यंत पोचलेली ही त्याची तशी पहिली मालिका. आपलं माणूस गमावलेल्या अनोळखी लोकांनी त्याच्याशी आपापली कहाणी बोलायला सुरुवात केली. विनोदी मालिकेच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

दोन्ही बाजूंना एकाच मोजपट्टीने मोजलं तर काहीच कळत नाही. समीक्षक बघत होता की कलाकृती म्हणून ही वस्तू कशी झाली आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं तो बघत होता की आपल्याला जे होतंय ते आणखी कुणाला होतं का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'बरी' आणि दुसऱ्याचं 'हो' असं एकाच वेळी येऊ शकतं.

हसू फुटतं कुठून

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०१० मध्ये विनोदाची एक साधी उपपत्ती मांडली. त्यांचं म्हणणं असं, की हसू यायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. काहीतरी मोडलं पाहिजे: रीत, अब्रू, शहाणपण, भाषा, काहीही. आणि ते मोडूनही आपल्याला त्यापासून धोका नाही असं वाटलं पाहिजे. मोडलंच नाही तर विनोद मिळमिळीत. मोडलं आणि धोकाही वाटला, तर राग येतो किंवा भीती वाटते. केळीच्या सालावरून शेजारी घसरला तर हसू. आपले वडील घसरले तर काळजात धस्स.

मग धोका कमी वाटायला काय लागतं? अंतर. काळाचं, नात्याचं, गावाचं. २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सँडी वादळ आलं, तेव्हा मॅकग्रॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वादळाआधीपासून पुढे ९९ दिवसांपर्यंत टप्प्याटप्प्याने लोकांना वादळावरचे तेच ते विनोद वाचायला दिले. ते सगळ्यात कमी गमतीचे वाटले १५ दिवसांच्या सुमारास आणि सगळ्यात जास्त ३६ दिवसांच्या सुमारास. त्यानंतर पुन्हा धार गेली. वादळ म्हणजे घरातलं मयत नव्हे, तेव्हा हे आकडे ओढून आपल्या तेराव्याला चिकटवू नयेत. तरी 'दिवस' होईपर्यंत टीव्ही लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही, ही जी आपल्याकडची रीत आहे तिला माणसाच्या मनाची काहीच माहिती नव्हती, असंही म्हणवत नाही.

आता मित्राच्या बायकोकडे आणि शहापूरच्या काकूंकडे पुन्हा बघा. मित्राच्या बायकोच्या घरी सगळं सुखरूप आहे. तिच्यासाठी 'जोडीदार मरणं' ही अजून न घडलेली, म्हणूनच सगळ्यात भयंकर गोष्ट. मालिका ती गोष्ट तिच्या हॉलमध्ये आणून ठेवते आणि वर तिच्यावर विनोद करते. धोका तर जिवंत आहे, हसू येणार कसं? काकूंच्या बाबतीत जे मोडायचं ते आधीच मोडून झालं आहे. ते मालिकेने आणलेलं नाही. मालिका फक्त म्हणते, हे असं असतं, आणि यातही फ्रिजमध्ये दूध नसणं, कुत्र्याने अंगावर उडी मारणं, मूर्ख लोकांनी दारात येणं चालूच राहतं. काकूंना अंतराची गरज नव्हती, सोबतीची होती.

हे प्रत्येकाला लागू पडतं असं नाही. ताज्या दुःखातल्या कित्येकांना ही मालिका दहा मिनिटंही सोसत नाही, आणि त्यांचंही काही चुकत नाही. पण 'दुःखी माणसाला विनोद नकोच असतो' ही जी आपली पक्की समजूत आहे, ती मात्र या मालिकेपुढे टिकली नाही.

पायऱ्या नाहीत, हेलपाटे आहेत

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, हे आता व्हॉट्सअॅपवरही फिरतं. नकार, राग, देवाशी घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टरीणबाईंनी १९६९ च्या पुस्तकात हे मांडलं. पण ते मांडलं होतं मरणाच्या दारात असलेल्या रोग्यांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावलं गेलं, आणि लावता लावता त्याची शिडी झाली. एक पायरी संपली की दुसरी, आणि शेवटी माणूस मोकळा.

ज्यांनी कुणाला तरी पोचवलं आहे त्यांना ठाऊक आहे की तसं होत नाही. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी वेगळं चित्र मांडलं. त्यांच्या मते माणूस दोन कामांच्या मध्ये ये-जा करतो. एक काम गेलेल्याचं: आठवणी, रडणं, फोटो, कपाटातले कपडे. दुसरं काम उरलेल्याचं: बँकेत नॉमिनीचं नाव, मुलाची फी, गॅसचं बुकिंग, चार माणसांत बोलणं. सकाळी इकडे, दुपारी तिकडे, रात्री पुन्हा इकडे. ही ये-जा म्हणजे मन कच्चं असल्याची खूण नव्हे. सावरणं तिच्यातूनच होतं. सगळा वेळ एकाच बाजूला अडकून पडणारा माणूस जास्त थकतो.

मालिकेची घडण नेमकी अशी आहे. लिसाचा व्हिडिओ, मग पाच शुभेच्छापत्रांची बातमी. स्मशान, मग ऑफिसातली टवाळी. दर पाच-सात मिनिटांनी सूर बदलतो. शोकांतिका बघायला बसलेल्याला हे धक्के वाटतात, आणि 'धड विनोदी नाही, धड गंभीर नाही' ही तक्रार तिथूनच येते. ज्याचा स्वतःचा दिवस असाच जातो, त्याला यात विस्कळीत काहीच दिसत नाही.

आणखी एक अभ्यास इथे सांगितलाच पाहिजे. १९९७ मध्ये डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी जोडीदार गमावून साधारण सहा महिने झालेल्या लोकांना गेलेल्या माणसाबद्दल बोलतं केलं आणि त्यांचे चेहरे बारकाईने तपासले. बोलता बोलता जे खरंखुरं हसले, म्हणजे ओठांबरोबर डोळेही हसले, त्यांच्यात त्रासाची तीव्रता कमी दिसली. हसण्यामुळे ते सावरले की सावरत होते म्हणून हसू आलं, याचा निकाल एवढ्यावरून लागत नाही. पण त्यात एक गोष्ट अशी निघाली जी मला जास्त महत्त्वाची वाटते: असे हसणारे लोक बघणाऱ्यांना जवळचे वाटले. रडणाऱ्यापाशी किती वेळ बसावं हे लोकांना कळत नाही. हसणाऱ्यापाशी माणसं टिकतात.

आपल्या भागात हे कुणी शोधनिबंध वाचून शिकलेलं नाही. मार्कंडेय नदीच्या काठावरच्या एका गावातलं रक्षाविसर्जन मी बघितलं आहे. पानावर भात, वडा, भजी, विडा, कपात चहा. समोरच्या झाडावर ओळीने कावळे, आणि एकही खाली उतरायला तयार नाही. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "आप्पा, धाकटीचं लगीन मी करतो." कावळे ढिम्म. धाकटा म्हणाला, "बांधावरनं भांडत नाही आम्ही." तरी ढिम्म. ऊन वर आलं. मग भावकीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुंदा आणलायसा काय रे?" आप्पांना शुगर होती आणि सून कुंद्याचा डबा तांदळाच्या पिंपात लपवायची, हे सगळ्या गावाला माहीत. एक पोरगा मोटरसायकलवरनं जाऊन पाव किलो कुंदा घेऊन आला. म्हाताऱ्याने तो पानावर ठेवला आणि झाडाकडे बघून ओरडला, "खा रे आता पोटभर, आता कसली शुगर बघायची हाय!" पहिल्यांदा सुनेला हसू फुटलं. ती पदरात तोंड घालून हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. तोवर ती कामातच होती, रडलेली नव्हती. कावळा आला. त्याने कुंद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, भजं उचललं आणि उडाला.

त्या म्हाताऱ्याच्या जागी बाहेरच्या कुणी हेच वाक्य म्हटलं असतं तर मारामारी झाली असती. तो आप्पांच्या बरोबरीचा, तिरडीला खांदा दिलेला, म्हणून त्याला ती मुभा होती. प्रेक्षकांच्या रागाचा एक मोठा वाटा या मुभेच्या प्रश्नातून येतो. पडद्यावरचा टोनी विधुर आहे, त्याला मुभा आहे. पण टोनीच्या तोंडून बोलणारा जर्व्हेस म्हणजे पुरस्कार सोहळ्यात नटनट्यांची टर उडवणारा माणूस, हे ज्यांच्या डोक्यात पक्कं आहे त्यांना तो भावकीतला म्हातारा वाटत नाही. त्यांना तो मयताला आलेला आगंतुक वाटतो.

दोन रसांचं जुनं वैर

आपल्या शास्त्रानेही या दोघांना एका पंगतीला बसवलेलं नाही. 'साहित्यदर्पण' या ग्रंथात विश्वनाथाने कुठल्या रसाचं कुणाशी पटत नाही याची यादीच दिली आहे, आणि हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण या दोघांची नावं घेतली आहेत. मराठी रंगभूमीने यावर तोडगा काढला तो खोल्या वेगळ्या करण्याचा. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात सिंधूच्या घरचा सत्यानाश एका प्रवेशात, आणि तळीरामाच्या मद्यपी मंडळाचा धिंगाणा दुसऱ्यात. प्रेक्षक एकीकडे रडून घेतो, दुसरीकडे हसून घेतो, गोंधळ होत नाही. आजच्या मराठी मालिका तर पार्श्वसंगीतानेच सांगतात, आता हसा, आता रडा. या सवयीच्या माणसाला 'आफ्टर लाइफ'मध्ये खोलीची भिंतच सापडत नाही. सिंधूच्याच तोंडी तळीरामाची वाक्यं दिल्यासारखं ते वाटतं.

पण बेळगावकराने 'असलं आपल्यात नसतं' असं म्हणू नये. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि त्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब हे अस्सल बेळगावचे. थिएटरचे मालक, कानडी हेलाचं मराठी, प्रत्येक वाक्याला शिवी, गाण्यावर जीव. तो लेख म्हणजे गेलेल्या मित्राची आठवण आहे. आपण तो ऐकताना गडागडा लोळतो आणि शेवटाकडे आवाज बसतो. तिथे रावसाहेबांच्या शिव्यांवर हसलं म्हणजे त्यांच्या मरणाचा अपमान झाला, असं कुणाच्या मनातही येत नाही. कारण हसू येतं ते माणसाच्या जगण्यावर, आणि जितकं जास्त येतं तितकं गेलेलं माणूस मोठं होत जातं.

जर्व्हेसची मालिका कुठे कमी पडते ते याच तुलनेत मला दिसतं. लिसावर आपल्याला हसायला मिळत नाही. ती गोड आहे, खेळकर आहे, नवऱ्याच्या खोड्यांवर खिदळते. पण तिच्या अंगचं एखादं तऱ्हेवाईकपण, एखादा हट्ट मनात रुतत नाही. विनोदाचा सगळा मारा जिवंत लोकांवर: टोनीच्या जाड्या सहकाऱ्यावर, वेडगळ बातम्यांतल्या माणसांवर, एका अत्यंत घाणेरड्या मानसोपचारतज्ज्ञावर. ज्या प्रेक्षकांना टोनी नुसता दुष्ट वाटला त्यांची तक्रार इथे रास्त आहे. दुःख झालेल्या माणसाला चिडायची सूट असते, पण ती सूट तो ज्याच्यावर वापरतो त्याचा काय गुन्हा? मालिका हा प्रश्न विचारते खरी, मेव्हणा टोनीला तोंडावर सुनावतो. पण हशा आधीच वसूल झालेला असतो.

आपल्याकडे बघणाऱ्यांना आणखी एक गोष्ट खटकते, ती म्हणजे टोनीचं एकटेपण. बायको गेली आणि घरात दुसरं कुणी नाही? आत्या, मावशी, शेजारच्या वैनी कुठे आहेत? आमच्याकडे मयत झालेल्या घरात दहा-बारा दिवस एकट्याला रडायलासुद्धा सवड मिळत नाही. कुणी डबा आणतं, कुणी 'कसं झालं ओ?' म्हणून तीच हकीकत पुन्हा वदवून घेतं, आणि हेल काढून रडणाऱ्या म्हाताऱ्या मध्येच थांबून 'चहात साखर कमी पडली' म्हणतात. या सगळ्याचा वैताग येतो. टोनीला वैताग द्यायला कुणी नाही, म्हणून तो स्वतःच जगाला वैताग देत फिरतो.

त्याला सोबत मिळते ती स्मशानातल्या बाकावर. अॅन नावाची एक वृद्ध विधवा तिथे रोज नवऱ्याच्या थडग्यापाशी येऊन बसते. पेनेलोपी विल्टनने ती केली आहे. दोघं शेजारी बसून बोलतात, बस्स. प्रेक्षकांच्या मनात सगळ्यात जास्त रुतलं ते हे बाक. तिसऱ्या सीझनच्या वेळी, २०२२ मध्ये, नेटफ्लिक्सने आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या 'कॅम्पेन अगेन्स्ट लिव्हिंग मिझरेबली' (CALM) या संस्थेबरोबर ब्रिटनमधल्या निरनिराळ्या गावांना तशी २५ बाकं भेट दिली.

आमच्यापैकी ज्यांच्यात दहन होतं त्यांना जाऊन बसायला अशी जागा नसते. लिंगायत शेजाऱ्यांच्यात दफन असतं, कॅम्पातल्या ख्रिस्ती कुटुंबांत असतं. आमचं माणूस तिसऱ्या दिवशी नदीला मिळालेलं. मागे उरतो भिंतीवरचा हार घातलेला फोटो, आणि चौकातला फ्लेक्स. त्या फ्लेक्सकडे कधी नीट बघा. मधोमध गेलेले अण्णा, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून गॉगल लावलेल्या, फोनवर बोलतानाची पोझ दिलेल्या पंचवीस तरुणांचे फोटो. ब्लॅक कॉमेडी बघायला नेटफ्लिक्सची वर्गणी भरायची तशी गरज नाही.

दुसरा सीझन आला तेव्हा तर सगळं जगच टोनी झालं होतं. २०२० चा एप्रिल, लॉकडाऊन, अंत्यविधीला वीसच माणसं. सीमाभागात त्यावर आणखी एक फोडणी होती. इथे अर्ध्या घरांचं सासर कर्नाटकात आणि माहेर महाराष्ट्रात. एरवी सीमेवरचं शिनोळी गाव कधी आलं आणि गेलं कळत नाही. त्या दिवसांत तिथे आणि निपाणीजवळ कोगनोळीला पोलिस. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला आरटीपीसीआर निगेटिव्हचा दाखला. मयताला जायचं तर आधी आपण ठणठणीत असल्याचा कागद दाखवायचा. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे वडील चंदगड तालुक्यात गेले, तासाभराच्या अंतरावर. त्यांनी अंत्यविधी बघितला तो व्हिडिओ कॉलवर. ज्या पुतण्याने फोन धरला होता त्याचा अंगठा कॅमेऱ्यावर आला होता. अग्नी देईपर्यंत त्यांना एक गुलाबी अंगठा दिसत होता, आणि मधूनच कुणाचा तरी आवाज, "आत्या, तुमचा माइक बंद करा, रडलेलं घुमालंय." त्या हे आता स्वतः हसून सांगतात. तेव्हा त्यांनी फोन भिंतीवर आपटला होता.

एका गोष्टीत मात्र मी न हसणाऱ्यांच्या बाजूने आहे. पहिल्या सीझनमध्ये ज्युलियन नावाचा एक व्यसनी, पेपर टाकणारा माणूस आहे. त्याचीही जोडीदार गेलेली. टोनी त्याला पैसे देतो, कशासाठी ते दोघांनाही माहीत असतं, आणि ज्युलियन नशेचा अतिरेक करून मरतो. मालिका हा प्रसंग दया म्हणून मांडते आणि पुढे निघून जाते. कित्येक प्रेक्षक इथेच उतरले, आणि मला वाटतं बरोबर उतरले. विनोदात धोका वाटता कामा नये असं वर म्हटलं; इथे धोका पडद्यातून बाहेर येतो. 'फारच झालं तर मरण आहेच' हे वाक्य कुणाच्या डोक्यात खरोखर फिरत असेल, तर त्याने ते टोनीकडून ऐकायची गरज नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, दिवसरात्र, आणि तिथे कानडीतही बोलता येतं, मराठीतही.

बघायचीच असेल तर दोन-तीन गोष्टी. शिव्या भरपूर आहेत, आणि त्यांतली सगळ्यात घाणेरडी तर वारंवार. आई-आप्पांना शेजारी बसवून लावू नका. पहिला सीझन सहा भागांचा, तीन तासांच्या आसपास, एका बैठकीत होतो. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर त्या माणसाला सुचवू नका, त्याने मागितली तरच लावून द्या, आणि त्याने मध्येच बंद केली तर कारण विचारू नका. दुसऱ्या सीझनमध्ये वडिलांचा धागा आहे तेवढ्यासाठी तो बघावा. तिसऱ्यात जर्व्हेसकडे सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही. टोनी पुन्हा तेच व्हिडिओ बघतो, पुन्हा त्याच बाकावर बसतो. तिसरा नाही बघितला तरी काही बिघडत नाही.